‘सहमत आहे’वर बोट ठेवण्याआधी

दसऱ्याला, पाडव्याला जालन्याच्या शोरूममध्ये नवी गाडी न्यायला घरचे सगळे येतात. हार, नारळ, पेढे, फोटो. त्याच धांदलीत सेल्समन तुमचा मोबाइल मागतो, गाडीचं ॲप टाकतो, ओटीपी विचारतो आणि ‘सहमत आहे’वर स्वतःच बोट ठेवून फोन परत देतो. माझी विनंती आहे, तो फोन देऊ नका. ते बोट तुमचंच असलं पाहिजे, आणि तेही वाचून झाल्यावर.

आजच्या बऱ्याच गाड्यांत कारखान्यातूनच सिम बसवलेलं येतं. गाडी कुठे गेली, किती वेगाने गेली, ब्रेक किती जोरात दाबला, रात्री किती वाजता चालली, हे सगळं त्यातून कंपनीकडे जाऊ शकतं. चोरी झाली तर गाडी सापडते, अपघातात मदत मागता येते. हे फायदे खरे आहेत. पण तीच नोंद विमा कंपनीच्या टेबलावर पोचली की तिचा अर्थ बदलतो.

अमेरिकेत हे घडलं आहे. जनरल मोटर्सच्या गाड्यांतली चालवण्याची नोंद डेटा विकणाऱ्या कंपन्यांमार्फत विमा कंपन्यांपर्यंत जात होती, हे मार्च २०२४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने उघड केलं. एका गाडीमालकाचा हप्ता २१ टक्क्यांनी वाढला होता. त्याने आपली माहिती मागवली, तेव्हा सहा महिन्यांतल्या ६४० फेऱ्यांचा हिशेब हाती आला. आपण याला कधी होकार दिला, हे अनेक मालकांना ठाऊकच नव्हतं. पुढे तिथल्या सरकारी आयोगाने जनरल मोटर्सला अशी माहिती देण्यावर पाच वर्षांची बंदी घातली.

आपल्याकडे चालवण्याच्या नोंदीवरून हप्ता ठरवणं उघडपणे, ऐच्छिक सवलत म्हणून आलं. जुलै २०२२ मध्ये विमा नियामक ‘इर्डा’ने दोन जोड-योजनांना परवानगी दिली: जितकी गाडी चालवाल तितका हप्ता, आणि जशी चालवाल तसा हप्ता. पहिली मला वाजवी वाटते. ज्याची गाडी महिन्यातून चार वेळा अंबडच्या बाजारापर्यंत जाते, त्याने जास्त का भरावं? तिथे ओडोमीटरच्या आकड्यावर भागू शकतं, तुमचा ठावठिकाणा लागत नाही. दुसरीबाबत मात्र सावध राहा.

कारण आपले रस्ते. गाळपाच्या हंगामात अंबड-घनसावंगीकडे मागे दिवा नसलेली उसाची ट्रॉली अचानक समोर येते. वळणावर म्हशी उभ्या असतात, गावाच्या तोंडाशी न रंगवलेला गतिरोधक असतो. इथे करकचून ब्रेक दाबणारा माणूस जीव वाचवत असतो. यंत्राला फक्त ब्रेक दिसतो. रात्रीचं चालवणंही अशा हिशेबात धोक्याचं धरलं जाऊ शकतं. मग एमआयडीसीतल्या स्टील कारखान्यात रात्रपाळी करणाऱ्याने काय करावं? मध्यरात्री पेशंट घेऊन संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयाकडे निघालेल्याने काय करावं? त्यांच्या नावावर बेफिकिरीचा शिक्का बसू नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे आणि त्याचा दर सरकार ठरवतं. तुमच्या ब्रेकचा त्याच्याशी संबंध नाही. या जोड-योजना फक्त स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्यावर असतात. त्या घेतल्याच पाहिजेत असं कुणी सांगितलं, तर ते चूक आहे.

खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमती मुक्त आणि विशिष्ट कारणापुरती असावी, ती देण्याइतक्याच सहजपणे मागे घेता यावी, असं लिहिलं आहे. संमतीचा मजकूर आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचण्याची सोयही द्यावी लागणार आहे, म्हणजे मराठीतही. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले असून या तरतुदी १८ महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. तोवर हात बांधून बसू नका. मराठी कागद आजच मागा. माहिती कुणाला देता, किती दिवस ठेवता, बंद कशी करायची, याचं उत्तर ईमेलवर लेखी घ्या.

जुनी गाडी घेणाऱ्यांनी आणखी जपावं. आधीच्या मालकाचं ॲप गाडीला जोडलेलंच राहिलं, तर तुमची गाडी कुठे उभी आहे ते त्याला घरबसल्या दिसू शकतं. आरसी नावावर करताना त्याचं खातं काढून घ्या. गाडी विकणार असाल तर फोनमधून गाडीत उतरलेले नंबर पुसा. आणि गाडी मुलगा किंवा सून चालवत असेल, तर काय काय नोंदलं जातं ते त्यांनाही सांगा. सही तुमची असली तरी नोंद त्यांची होते.

विमा कंपनीने न विचारता हप्ता वाढवला किंवा दावा अडवला, तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. दाद लागली नाही तर ‘इर्डा’च्या ‘बीमा भरोसा’वर किंवा १५५२५५ या नंबरवर जा, पुढे विमा लोकपाल आहेत. लोकपालांकडे फी लागत नाही, वकीलही लागत नाही. पॉलिसी, ईमेल आणि पावत्या मात्र जपून ठेवा.