वाया गेलेलं पाणी नेमकं गेलं कुठे?

मित्रांनो, पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा, नाहीतर रात्री वाचा. पण फोटो बघून लाईक करून पुढे जाऊ नका, कारण आज फोटोंबद्दलच तक्रार आहे.

मे महिन्यात दक्षिण स्पेनमध्ये आठ दिवस पायी हिंडून आलो. लेक तिकडे नोकरीला आहे. तिने माझ्या निवृत्तीची भेट म्हणून एका गाईडबरोबरच्या पदयात्रेत दोघांची नावं घातली. अशा सहलीत आपलं सामान गाडीतून पुढच्या गावाच्या खानावळीत जातं. आपण पाठीवर पाण्याची बाटली घेऊन डोंगरातल्या वाटेने चालत संध्याकाळी पोचायचं. दिवसाला दहा-बारा किलोमीटर. गुडघे बोलले, पण साथ सोडली नाही.

प्रदेशाचं नाव आल्पुखारा. ग्रानादा शहराच्या दक्षिणेला सिएरा नेवादा ही पर्वतरांग आहे. तिचं सर्वात उंच शिखर मुलासेन, ३,४७९ मीटर. समुद्र तिथून चाळीस किलोमीटरच्या आतच. या उतारावर पोकेइरा नावाची एक खोल दरी आहे आणि तिच्या कडेला एकावर एक तीन पांढरी गावं : पांपानेइरा, बुबिओन, कापिलेइरा. घरांची छपरं सपाट, वर करड्या मातीचा थर. घरांना जोडणारे माडीखालचे बोळ. प्रत्येक चौकात वाहतं पाणी. पुढे त्रेवेलेस, साधारण दीड हजार मीटरवरचं गाव, डुकराच्या सुकवलेल्या मांसासाठी प्रसिद्ध. मी शाकाहारी, त्यामुळे माझं लक्ष पाण्याकडेच जास्त.

गावं सुंदर आहेत, यात वाद नाही. माझं भांडण आहे ती गावं आपल्याला ज्या पद्धतीने विकली जातात तिच्याशी.

माहितीपत्रकात पहिलंच वाक्य होतं की इथे काळ थांबलेला आहे. गाईड तरुण मुलगा, पक्षी आणि फुलं यांची उत्तम जाण असलेला. त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं, "मूर लोकांनी ही गावं वसवली, मग ते निघून गेले, आणि गावं तशीच राहिली." झालं. पाचशे वर्षांचा इतिहास एका वाक्यात गुंडाळला आणि मंडळी फोटो काढायला मोकळी.

निघून गेले म्हणजे काय हो? पाहुणे होते का?

१४९२ च्या जानेवारीत ग्रानादाचं शेवटचं मुस्लिम राज्य शरण आलं. शरणागतीच्या करारात लोकांचा धर्म, भाषा, रीतिरिवाज राखायचं वचन होतं. दहा वर्षं पुरती झाली नाहीत तोच सक्तीची धर्मांतरं सुरू झाली. १५६७ मध्ये राजा दुसरा फिलिप याने अरबी भाषा, पोशाख, सार्वजनिक स्नानगृहं यांवर बंदी घालणारा हुकूम लागू केला. १५६८ च्या डिसेंबरमध्ये याच आल्पुखारात बंड पेटलं. दोन वर्षांहून जास्त काळ ते चाललं आणि अत्यंत निर्घृणपणे मोडलं गेलं. मग ग्रानादाच्या राज्यातल्या या धर्मांतरित लोकांना, ज्यांना मोरिस्को म्हणत, गावंच्या गावं उठवून उत्तरेकडे पांगवण्यात आलं. त्यांच्या रिकाम्या घरांत आणि शेतांवर गालिसिया, लेओन, कास्तिया अशा लांबच्या मुलखांतली ख्रिस्ती कुटुंबं आणून बसवली. १६०९ ते १६१४ या काळात उरल्यासुरल्या मोरिस्कोंना संपूर्ण स्पेनमधूनच हाकललं. सुमारे तीन लाख माणसं.

याला कुणी "निघून गेले" म्हणत असेल तर त्याच्या शब्दकोशात काहीतरी गडबड आहे. गाईडचा राग नाही. त्याच्या हातात जो कागद दिला तो त्याने वाचला. राग आहे तो कागद लिहिणाऱ्याचा, आणि तेवढ्यावर समाधान मानणाऱ्या आपल्यासारख्या गिऱ्हाइकांचा. पैसे मोजून गेलेला माणूस एक प्रश्न विचारत नाही, मग त्यांनी तरी कशाला सांगावं?

आता मूळ मुद्द्यावर येतो. मोरिस्को गेले, पण त्यांच्या आधीपासून पिढ्यान् पिढ्या बांधलेलं एक काम मागे राहिलं : पाट. डोंगराच्या कुशीतून मैलोन् मैल आडवे नेलेले मातीचे पाट. स्पॅनिशमध्ये त्यांना असेकिया म्हणतात. शब्द अरबी, पाणी पाजणं या अर्थाच्या धातूवरून आलेला. गझल ऐकणाऱ्यांना माहीत असलेला 'साकी' त्याच कुळातला. एक पेला भरतो, दुसरी शेत.

आम्ही ज्या वाटांवरून चाललो त्यातल्या कितीतरी या पाटांच्या कडेच्याच वाटा होत्या. पाट उतार धरून संथ जातो, म्हणून वाटही चालायला सोपी. म्हणजे सहलीचं अर्धं सुख त्या पाटाच्या जिवावर. पण माहितीपत्रकात पाट कुठे? फक्त "झुळझुळ पाण्याची साथ" एवढाच.

चौथ्या दिवशी, गावापासून बरंच वर, एका पाटाशी थांबलो. बर्फ वितळत होतं, पाट भरून चालला होता. एक सत्तरीचे आजोबा फावड्याने पाटाचं तोंड फोडून पाणी सरळ माळावर सोडत होते. खाली पीक नाही, बाग नाही, नुसता उतार. पाणी मातीत शिरत होतं आणि दिसेनासं होत होतं. आमच्या गटाने आजोबांचे धडाधड फोटो काढले.

मी एकतीस वर्षं कालव्यांवर सरकारी नोकरी केली आहे. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "बघ, किती नासाडी! अस्तर नाही, दरवाजा नाही." लेकीने हसत त्यांना स्पॅनिशमध्ये सांगितलं की माझे बाबा कालव्याचे इंजिनिअर आहेत आणि पाणी वाया चाललंय म्हणतात. आजोबा काही रागावले नाहीत. फावड्यावर रेलून म्हणाले, "वाया कुठे? खाली गावाला चाललंय. पोचेल उन्हाळ्यात."

मी गप्प झालो. कारण ते शंभर टक्के बरोबर होते.

या पद्धतीला तिथे करेओ म्हणतात. हिवाळ्याच्या आणि वसंताच्या दिवसांत वितळलेलं पाणी उंचावरच्या पाटांनी वळवायचं आणि मुद्दाम पाझरणाऱ्या जमिनीवर सोडायचं. ते खडकांच्या भेगांतून हळूहळू उतरतं आणि आठवड्यांनी, महिन्यांनी खालच्या झऱ्यांना फुटतं. नदीत सोडलं असतं तर ते वेगाने समुद्राला मिळालं असतं. धरण नाही, सिमेंट नाही, पंप नाही. डोंगर हीच टाकी. चौकातल्या ज्या कारंज्यावर पर्यटक बाटल्या भरतात, तिथलं पाणी आकाशातून थेट येत नाही, कुणीतरी वर फावडं मारलेलं असतं म्हणून येतं. पाटाच्या कडेचे चेस्टनटचे जुने वृक्षसुद्धा त्याच पाझरावर उभे आहेत. पाट बंद पडला की झाडं वाळतात, झरा आटतो, खालचा उतार ढासळू लागतो.

म्हणून काळ थांबलाय वगैरे म्हणणं हा त्या आजोबांचा अपमान आहे. दरवर्षी कुणीतरी पाटातला गाळ काढतं, पडलेली कड बांधतं, पाळ्या ठरवतं, भांडणं मिटवतं, तेव्हा कुठे ते गाव पुढच्या वर्षी फोटोत तसंच दिसतं. आणि ही माणसं कमी होत चालली आहेत. पोरं ग्रानादाला, माद्रिदला गेली. पाट बुजले. २०१४ मध्ये ग्रानादा विद्यापीठाच्या लोकांनी कान्यार नावाच्या गावात स्वयंसेवक आणि गावकरी यांना घेऊन बार्खास नावाचा वर्षानुवर्षं बंद पडलेला पाट उकरून पुन्हा वाहता केला. तेव्हापासून असे आणखी पाट मोकळे होत आहेत. मला विचाराल तर आठ दिवसांच्या सहलीतला एक दिवस प्रत्येकाच्या हातात फावडं द्यायला हवं होतं. चालण्याइतकाच व्यायाम झाला असता.

आता कुणी म्हणेल, साहेब म्हातारपणी भावुक झाले. पाईप आणि ठिबक यांनी पाणी वाचतं हे काय खोटं आहे? खोटं नाही. पण अर्धंच आहे. स्पेनच्या सरकारने गेल्या काही दशकांत उघडे पाट बंद करून पाईप आणि ठिबक बसवायला भरपूर पैसा दिला. पण बऱ्याच ठिकाणी वाचलेलं पाणी नदीत परत गेलं नाही. त्यावर जास्त पाण्याची पिकं आली, नवं क्षेत्र भिजायला लागलं. याच डोंगरांच्या पलीकडे अल्मेरियाच्या किनाऱ्यावर तीस हजार हेक्टरांहून जास्त जमीन प्लास्टिकच्या छताखाली आहे. युरोपला बारा महिने टोमॅटो-काकडी तिथून जाते. ठिबक अगदी अचूक, थेंब मोजून. आणि जमिनीखालच्या पाण्याचा उपसा त्याच्या भरण्याहून जास्त. थेंबाथेंबाचा हिशेब ठेवूनही एकूण हिशेब बुडीतच.

ठिबकला माझा विरोध नाही. माझ्याच शेतात आहे. विरोध आहे तो "गळती म्हणजे तोटा" हे एकच सूत्र डोळे मिटून सगळीकडे लावण्याला. पाझरलेलं पाणी पुढे कुणाच्या कामी येतं, हे आधी शोधा. मग त्याला तोटा म्हणायचं की ठेव, ते ठरवा.

आणि इथे मला स्वतःची चूक कबूल करायची आहे. नोकरीत असताना एका कालव्याच्या अस्तरीकरणाचं अंदाजपत्रक मी तयार केलं होतं. काम झालं, गळती थांबली, साहेब खूश. दोन वर्षांनी कालव्याखालच्या गावातले शेतकरी आले, विहिरी आटल्या म्हणून. मी त्यांना काय सांगितलं माहितेय? "ते पाणी तुमच्या हक्काचं नव्हतंच, गळतीचं होतं." वाक्य नियमाला धरून होतं. त्यातले एक काका काही न बोलता टोपी घालून निघून गेले, ते मला त्या स्पॅनिश माळावर आठवले. आजोबांनी मला जे दोन वाक्यांत सांगितलं, तेच ते काका माझ्या टेबलासमोर सांगायला आले होते. मी ऐकलं नाही.

आपल्या बागलाण-साक्रीकडच्या मंडळींना मी वेगळं काय सांगू? मोसम, आरम, पांझरा या नद्यांवर आपले फड होते. बंधारा, त्यातून पाट, पाटाखाली फड, एका फडात एकच पीक, आणि पाणी सोडायला गावाने नेमलेला पाटकरी. इंग्रज यायच्या आधीपासून लोकांनी स्वतः चालवलेली व्यवस्था. वर धरणं झाली, शेतोशेत विहिरी झाल्या आणि बरेच फड मोडले. काही अजून तग धरून आहेत. आपण तिकडे फिरकतो का? आल्पुखारात जाऊन पाटाच्या कडेने चालण्यासाठी लाखांत पैसे मोजणारा मीसुद्धा, आमच्याच नदीवरच्या जुन्या बंधाऱ्यावर शेवटचा गेलो तो दहा वर्षांपूर्वी, तोही एका दशक्रियेला.

तर माझं म्हणणं एवढंच. स्पेनला जा, जरूर जा, आणि जमलं तर बसमधून नाही, पायी हिंडा. पण गाईडला दोन प्रश्न विचारा : हे कुणी बांधलं आणि त्यांचं पुढे काय झालं? आणि आज याची निगा कोण राखतं, आम्ही भरलेल्या पैशातलं त्याला काही मिळतं का? उत्तर आलं नाही तर सहल विकणाऱ्याला तसं कळवा. मी कळवलंय.

आणि इकडे आपल्या ग्रामसभेत कधी पाटाच्या अस्तरीकरणाचा किंवा पाईपलाईनचा ठराव आला, तर हात वर करायच्या आधी तिसरा प्रश्न विचारा. आज जे पाणी मुरतंय, त्यावर कुणाची विहीर चालते? त्या विहिरींची यादी मागा, ठरावाला जोडायला लावा. खात्यातला माणूस कुरकुर करेल, गळतीचं पाणी हक्काचं नसतं असंही सांगेल. त्याला माझं नाव सांगा. मी येतो ग्रामसभेला.