आधी छप्पर, मग छानछोकी

सोयाबीन विकून झालं, कापसाची शेवटची वेचणी उरकली, उसाचं पहिलं बिल खात्यावर जमा झालं, की घरोघरी एकच विषय निघतो. "औंदा घराचं काहीतरी बघायला पाहिजे." दोन पावसाळे गळणारे पत्रे, ओल धरलेली मागची भिंत, न्हाणीला आडोसा नाही, आणि त्यात लेकीचं ठरत आलेलं लग्न. संक्रांतीपासून मृगापर्यंत जे चार-पाच महिने मिळतात, तेवढ्यातच शेतकऱ्याला घराकडे मान वर करून बघायला सवड असते. म्हणून या विषयावर बोलायचे तर आत्ताच बोलले पाहिजे. मृग लागल्यावर सल्ला देणे म्हणजे वरात गेल्यावर मांडव घालण्यासारखे आहे.

आपल्याकडे घराच्या बाबतीत एक खोटी प्रतिष्ठा शिरली आहे. जुने घर एका दिवसात पाडायचे, चार महिन्यांत स्लॅब टाकायचा, वास्तुशांतीला गाव जेवायला घालायचे, तरच ते घर. जो माणूस या वर्षी पत्रे बदलतो, पुढच्या वर्षी न्हाणी बांधतो आणि तिसऱ्या वर्षी फरशी घालतो, त्याला पारावर लोक हसतात. "याचं घर काय, पंचवार्षिक योजना हाय!" असे टोमणे ऐकू येतात. आमचे स्पष्ट मत असे, की ज्याची शेती पावसावर आहे त्याने घरही पंचवार्षिक योजनेसारखेच बांधावे. त्यात नामुष्की नाही, शहाणपण आहे.

साधा हिशेब करून पाहू. स्लॅब पुरा करायला एक लाख कमी पडले आणि ते खासगी सावकाराकडून दरमहा शेकडा तीनने उचलले, तर वर्षाला व्याजच ३६ हजार होते. दोन वर्षे पीक हातचे गेले तर ७२ हजार नुसते व्याज, मुद्दल जागच्या जागी. म्हणजे उचललेल्या त्या एक लाखाचे देणे जवळजवळ पावणेदोन पट झाले, आणि वर एखादा एकर गहाण पडला. अहो, घर शेतीच्या जिवावर उभे राहते. घरासाठी शेतीच गेली तर त्या स्लॅबखाली बसून खायचे काय? पैसे उचलायचेच झाले तर बचत गट आहे, सोसायटी आहे, बँक आहे. पण तिथूनही एका टप्प्याला लागेल तेवढेच उचलावे आणि ते फिटल्याशिवाय पुढच्या टप्प्याला हात घालू नये.

मात्र हळूहळू करणे म्हणजे मनाला येईल तसे करणे नव्हे. याचा धडा मराठवाड्याने फार मोठी किंमत मोजून घेतला आहे. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांतली माणसे विसरू शकत नाहीत. आदल्या रात्री गणपती बोळवून लोक निवांत झोपले होते. किल्लारी परिसरात हजारो माणसे गेली, ती मुख्यतः स्वतःच्या घराखाली. त्या घरांच्या भिंती जाडजूड होत्या. पण आत-बाहेर दोन बाजूंना दगड, मध्ये माती आणि कपची, आणि दोन्ही बाजूंना गुंफणारा आरपार दगड मात्र नाही. वर माळवद. माळवद गळू लागले की त्यावर पांढऱ्या मातीचा नवा थर टाकायचा, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. जुनी माती काढायची कुणी नाही. वर्षाला थोडे थोडे करत डोक्यावर फूट-दोन फूट मातीचे ओझे जमले. हेही काम टप्प्याटप्प्यानेच झाले होते, पण उलट्या दिशेने.

भूकंपानंतर त्या भागात जी दुरुस्ती सांगितली गेली, ती आजही लक्षात ठेवण्यासारखी आहे. माळवदावरची माती कमी करा. दगडी भिंतीत जागोजाग आरपार भोक पाडून, सळई घालून, काँक्रीट भरा. कोपरे बांधून घ्या. भिंतींना चारी बाजूंनी सलग पट्टा द्या. यातले बहुतेक काम घर न पाडता करता येते आणि एकेक करून करता येते. ज्यांची जुनी माळवदाची घरे आजही उभी आहेत, त्यांनी रंगरंगोटीआधी हे करावे. भिंतीला ऑइलपेंट दिल्याने भिंत मजबूत होत नाही.

म्हणजे प्रश्न पैशाचा आहेच, पण त्याहून अधिक क्रमाचा आहे. आमच्या मते तो क्रम असा असावा.

पहिले काम छप्पर आणि पाणी. वरून गळते आणि खालून मुरते, तोवर घरात घातलेला प्रत्येक रुपया पाण्यात जातो, आणि हे शब्दशः खरे आहे. पत्रे बदलायचे तर वाऱ्याच्या बाजूचे बोल्ट आणि वॉशर आधी तपासावेत. वळवाच्या वाऱ्याने पत्रे उडतात ते बहुधा कडेकडून. पत्र्यावर दगड ठेवून भागवणे जिवावर बेतणारे आहे. पागोळीचे पाणी जोत्याशी पडून मुरत असेल तर घराभोवती दोन-तीन फूट बाहेरच्या बाजूला उतार देऊन दगड किंवा कोबा करून घ्यावा. या कामाला फार पैसे लागत नाहीत, घरातली माणसेही ते करू शकतात. पण त्याने भिंतीचे आयुष्य वाढते.

दुसरे काम भिंती आणि कोपरे, ज्याविषयी वर लिहिले. तिसरे काम न्हाणी, संडास आणि चूल. हे तिसरे काम आपल्याकडे नेहमी शेवटी ढकलले जाते, कारण ठरवणारे पुरुष असतात आणि सोसणाऱ्या बायका. घरधनिणीला एकदा विचारून बघा, आधी काय हवे? ती बैठकीच्या खोलीतली फरशी सांगणार नाही. ती आडोशाची न्हाणी सांगेल, धूर बाहेर जाणारे धुराडे सांगेल, घागरी ठेवायला उंच कट्टा सांगेल. संडासाला दोन शोषखड्डे करावेत. एक भरला की दुसरा चालू करायचा आणि पहिल्याला विसावा द्यायचा. खड्डे विहिरीपासून आणि बोअरपासून लांब असावेत, हे सांगायला नकोच. चौथे काम गिलावा, फरशी आणि वीज-दिव्यांची नीट बांधणी. रंग आणि शोभा सगळ्यांत शेवटी.

आणखी दोन गोष्टी गवंड्याला बसवून पहिल्याच दिवशी ठरवाव्यात. एक, घर चार वर्षांत होणार असले तरी नकाशा एकाच वेळी पुरा काढावा, वहीच्या कागदावर का होईना. पुढची खोली कुठे येणार, तिचे दार कुठे पडणार, सांडपाणी कुणीकडे जाणार हे आज ठरले तर उद्या नवी भिंत फोडावी लागत नाही. पुढची भिंत सांधायला विटांचे दात सोडून ठेवता येतात. पाया मात्र एकदाच आणि नीट घ्यावा; पाया टप्प्याटप्प्याने सुधारता येत नाही. दुसरी गोष्ट सळयांची. वरच्या मजल्याच्या आशेने स्लॅबवर उभ्या ठेवलेल्या सळया गावोगाव गंजताना दिसतात. त्यांना सिमेंटचा घट्ट लेप देऊन हलक्या काँक्रीटने झाकून ठेवले तर दहा वर्षांनी त्या उपयोगी पडतील. नाहीतर गंज वरून खाली कॉलमात उतरतो.

माल घेतानाही ऋतू बघावा. विटा, खडी, चौकटी सवडीने आणि भाव पडला असताना घेऊन ठेवाव्यात, त्या टिकतात. सिमेंट टिकत नाही. तीन महिने पडून राहिलेल्या गोणीतली ताकद घटते, ओल लागली तर ती गोणी दगडच होते. म्हणून स्वस्त मिळाले तरी सिमेंट कामापुरतेच आणावे, फळ्यांवर रचावे आणि भिंतीला टेकवू नये. आणि ज्या गावाला उन्हाळ्यात टँकर येतो, तिथे पाण्याची कामे शिमग्याच्या आत उरकावीत. गिलाव्याला निदान आठवडाभर आणि स्लॅबला दहा ते चौदा दिवस पाणी मारावे लागते. एप्रिलमध्ये प्यायला पाणी नाही तिथे स्लॅबला कुठून आणणार? पत्रे, लाकूडकाम, दारे-खिडक्या ही कोरडी कामे चैत्र-वैशाखासाठी ठेवावीत.

आता सामानाकडे येऊ. लग्नात लोखंडी कपाट येते, दिवाण येतो, आणि छप्पर गळके असल्यामुळे कपाटावर पातेले ठेवावे लागते. हे चित्र आपण सगळ्यांनी पाहिले आहे. हप्त्यावर सोफा घेण्याआधी धान्याच्या कोठीखाली फळ्यांचा घोडा करावा, मुलांच्या अभ्यासाला एक टेबल आणि त्यावर नीट दिवा द्यावा. आणि जुने सामान मोडीत काढताना हात जरा आखडता घ्यावा. जुन्या घरांतल्या सागवानी चौकटी, तुळया आणि दारे व्यापारी चार पैशांत उचलून नेतात आणि शहरात घसघशीत भावाने विकतात. आपण मात्र त्याच्या जागी पातळ पत्र्याचे दार लावतो. जुनी तुळई चिरून चांगला पलंग होतो, दोन मांडण्या होतात. गावच्या सुताराला चार दिवस काम मिळते आणि आजोबांचे लाकूड घरातच राहते.

घरकुलाच्या लाभार्थ्यांचा प्रश्न मात्र वेगळा आणि अधिक गंभीर आहे. इंदिरा आवास योजनेच्या जागी २०१६ साली प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) आली. त्या वेळी सपाट भागासाठी १ लाख २० हजार आणि डोंगराळ भागासाठी १ लाख ३० हजार रुपये ठरले. घर किमान २५ चौरस मीटरचे, म्हणजे साधारण २६९ चौरस फुटांचे, स्वयंपाकाच्या जागेसह. हे पैसे एकदम मिळत नाहीत. जोते झाले, भिंती झाल्या, छप्पर झाले, असे फोटो चढतात तसतसा हप्ता खात्यावर येतो. म्हणजे सरकारनेच घर टप्प्याटप्प्याने बांधायला सांगितले आहे. पण टप्पा माणसाच्या हातात आणि हप्ता कचेरीच्या हातात, इथे घोडे अडते. यादीत नाव आले म्हणून आनंदाने जुने घर पाडायचे, मग दुसऱ्या हप्त्याची वाट बघत पावसाळा ताडपत्रीखाली काढायचा, ही पाळी अनेक कुटुंबांवर येते.

लाभार्थ्यांना आमचे हात जोडून सांगणे आहे. पहिला हप्ता खात्यावर जमा झाल्याशिवाय जुन्या घराचा एकही वासा काढू नका. शक्य असेल तर जुने घर ठेवून शेजारच्या जागेत नवे जोते घ्या. जागा तेवढीच असेल तर निम्मे घर राहू द्या, निम्मे पाडा. आणि मंजूर आकारापेक्षा मोठे जोते घेऊ नका. गावातल्या बहुतेक अपुऱ्या घरकुलांचे दुखणे इथेच असते. पाहुण्यांसाठी खोली वाढवली आणि पैसे भिंतीतच संपले.

आता दोन शब्द गावच्या अधिकाऱ्यांशी. ग्रामसेवकांना २०२४ पासून ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात आणि तलाठ्यांना ग्राम महसूल अधिकारी. नाव मोठे झाले, तशी जबाबदारीही मोठी झाली. घरकुलाचे वेळापत्रक मार्चअखेरीवरून नव्हे, तर मृगावरून मागे मोजावे. मृगाआधी छप्पर चढायचे तर मेच्या सुरुवातीला भिंती पुऱ्या पाहिजेत आणि होळीआधी जोते. त्या हिशेबाने गृहनिर्माण अभियंत्याने गावाला यायचे दिवस आधी ठरवून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावेत. एकेका फोटोसाठी माणसाने तालुक्याला चार चकरा मारायच्या, म्हणजे चार दिवसांची मजुरी बुडाली. राज्याच्या २०२५ च्या वाळू धोरणात घरकुलासाठी ५ ब्रासपर्यंत वाळू मोफत ठरली. ती वाळू कागदावर मोफत असून भागत नाही, ती जोते होण्याच्या वेळी दारात पडली पाहिजे. पावसाळ्यात नदीतला उपसा बंद असतो. मग जूनमध्ये निघालेल्या पासाचा उपयोग काय?

आणि ज्याचे भिंतीचे काम झाले पण छप्पर राहिले, अशा घरांची यादी मेच्या पहिल्या आठवड्यात ग्रामसभेपुढे यावी. नवी उद्दिष्टे येतील आणि जातील. आधी ही घरे झाकायची. हप्ता अडला असेल तर का अडला, कुणाकडे अडला, हे सगळ्यांसमोर सांगायचे. चूक लाभार्थ्याची असेल तर तीही सांगायची. उघड्या भिंतींवर एक पावसाळा गेला की आधीच्या दोन हप्त्यांचे काम खचते. तो सरकारी पैसा आहे आणि त्यात त्या माणसाचा घामही आहे.

घर पहावे बांधून, असे म्हणणाऱ्यांनी ते किती दिवसांत बांधून पहावे, हे सांगितलेले नाही. ज्याला चार वर्षे लागतात त्याने चार वर्षे घ्यावीत. या आठवड्यात एवढेच करा. घरातल्या सगळ्यांना, बायामाणसांनासुद्धा, बसवून वहीचे एक पान फाडा आणि त्यावर चार वर्षांची चार कामे लिहा. पहिल्या ओळीत छप्पर लिहा. बाकीचे तीन तुमच्या घरधनिणीला सांगू द्या.