सशाचे ताट

मुलांच्या हट्टापायी घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीच्या अनेक घरांत अलीकडे ससा येऊ लागला आहे. तो भुंकत नाही, शेजाऱ्यांना त्रास देत नाही आणि मुख्य म्हणजे पूर्ण शाकाहारी आहे. त्यामुळे आपल्या कुटुंबांना तो सोयीचा वाटतो. त्यात वावगे काही नाही. मात्र ज्या घरात कंदमूळ वर्ज्य, त्याच घरात सशासाठी म्हणून गाजर आणले जाते, ही विचार करण्याजोगी गोष्ट आहे. चित्रातला ससा गाजर खातो, म्हणून आपण ते आणतो. प्रत्यक्ष सशाला गाजराची गरज नाही. त्यात साखर बरीच असते आणि रोज दिल्यास त्याचे पोट बिघडते.

सशाचे खरे अन्न गवत. रोज त्याच्या शरीराएवढा सुक्या गवताचा ढीग त्याच्यापुढे हवा. सशाचे दात जन्मभर वाढतात. पुढचे दात तर आठवड्याला दोन-तीन मिलिमीटर. तंतुमय गवत सतत चावल्यानेच ते झिजतात. त्याच्या आतड्यांची हालचालही याच तंतूंवर चालते. गवताच्या जोडीला मूठभर स्वच्छ धुतलेला पाला द्यावा. कोथिंबीर, पुदिना, मुळ्याची पाने चालतात. बाजारातील तयार खाद्य दिवसाला एक-दोन चमचे पुरे. लसूणघास हा चारा नावाने लसूण असला तरी लसूण नव्हे. पण त्यात कॅल्शियम अधिक असल्याने तो वाढत्या पिलांनाच योग्य, प्रौढ सशाला नव्हे. कांदा, लसूण आणि बटाटा सशाला अपायकारक आहेत, म्हणजे आपले स्वयंपाकघर त्याला तसे अनुकूलच. घात होतो तो प्रेमाने पुढे केलेल्या खाखऱ्याचा, बिस्किटाचा, फरसाणाचा आणि सुक्या मेव्याचा.

आपले नियम सशावर लादू नयेत, हेही लक्षात ठेवावे. आपण चौविहार पाळतो. ससा मात्र पहाटे आणि तिन्हीसांजेला सर्वाधिक जागा असतो व रात्रीही थोडे थोडे खात राहतो. त्याचे पोट फार काळ रिकामे राहिले तर आतड्यांची हालचाल थांबते. म्हणून त्याच्यापुढे गवत आणि पाणी रात्रभर असावे. पर्युषणात घरी हिरवा पाला येत नसेल तर चिंता नको, चांगल्या सुक्या गवतावर ससा उत्तम राहतो. फक्त पाला एकाएकी बंद न करता आठवडाभर आधीपासून कमी करावा आणि नंतर तसाच हळूहळू सुरू करावा. ते दिवस पावसाळ्याचे असतात. गवताला बुरशी लागल्याचा वास आला तर ते फेकून द्यावे.

ससा पहाटे स्वतःची मऊ विष्ठा खातो. ते पाहून पुष्कळांना किळस येते, पण ती घाण सवय नव्हे. त्या विष्ठेत जीवनसत्त्वे व प्रथिने असतात आणि दुसऱ्यांदा पचवूनच ससा ती मिळवतो. त्याला त्यापासून परावृत्त करू नये.

ससा हा शिकार होणारा प्राणी असल्याने दुखणे लपवतो. तो ओरडत नाही, कोपऱ्यात पोट आवळून बसतो, दात करकरतो. दहा-बारा तास त्याने काही खाल्ले नाही किंवा लेंड्या टाकल्या नाहीत, तर ‘उद्या बघू’ म्हणू नये. सशांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याकडे त्याच दिवशी न्यावे. घरातले औषध मुळीच देऊ नये. माणसांना सर्रास दिले जाणारे अमॉक्सिसिलिन तोंडाने दिल्यास सशाच्या आतड्यातील उपयुक्त जिवाणू मरतात आणि ससाही दगावू शकतो.

मुंबईचा उकाडा हा दुसरा शत्रू. सशाला घाम येत नाही. अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांवाटे बाहेर टाकतो. पारा २८-३० अंशांपुढे गेला की बंद गॅलरीतला पिंजरा त्याच्यासाठी भट्टी होतो. त्याला घरात, वाऱ्याच्या जागी, थंड लादीवर ठेवावे. पाण्याची गोठवलेली बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवावी. आंघोळ घालू नये. तारेच्या तळाने पायांना जखमा होतात. कान धरून उचलणे तर क्रौर्यच. उचलताना मागच्या पायांखाली हात हवा, नाहीतर झटक्याने त्याचा कणा मोडू शकतो.

दुकानदार जोडी देतो. नर-मादी असतील तर चार-सहा महिन्यांत ती वयात येते, गर्भकाळ सुमारे एक महिन्याचा असतो आणि व्याल्यानंतर लगेच मादी पुन्हा गाभण राहू शकते. ससा एकटा कंटाळतो हे खरे, म्हणून दोन ठेवावेत. पण वेळीच शस्त्रक्रिया करून घ्यावी.

हे न झाल्यास काय होते? संख्या वाढते, मुलांचा उत्साह ओसरतो आणि कोणीतरी ‘अभयदान’ म्हणून ससे बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात किंवा सोसायटीच्या बागेत सोडून येते. आपल्या रानातला ससा वेगळ्या जातीचा. पाळीव ससा मूळचा युरोपातला. पिंजऱ्यात वाढलेल्या पांढऱ्या सशाला ना लपता येते, ना अन्न शोधता येते. कुत्रे, घारी आणि बिबटे त्याला जगू देत नाहीत. बाजारातून विकत घेऊन सोडणेही तसेच. मागणी वाढली की माल वाढतो, हे व्यापारी घराला समजावून सांगावे लागत नाही.

मुंबईत जीवदयेची जुनी परंपरा आहे. भुलेश्वरचे पांजरापोळ १८३४ साली सुरू झाले, त्यामागे शेठ मोतीशा आणि सर जमशेटजी जीजीभाई यांच्यासारखे व्यापारी होते. त्यांनी जनावरे वाचवून मोकळी सोडली नाहीत. त्यांच्या चाऱ्याची, निवाऱ्याची आणि औषधाची कायमची सोय लावली. ससा आठ-दहा वर्षे जगतो. आज पाचवीत असलेले मूल तोवर महाविद्यालयात गेलेले असेल. तेवढी वर्षे गवत आणणारे कोण, हे ठरल्यावरच ससा घरी आणावा. आणि तो आधीच आलेला असेल, तर आज निजण्यापूर्वी त्याच्या टोपलीत गवत आहे ना, एवढे पाहावे.