विश्वासू ठेकेदार कोणाला म्हणावे?

घराची दुरुस्ती काढली की गृहस्थ विश्वासू ठेकेदाराच्या शोधास लागतो. कामाची यादी मोजमापांसह लिहावी, तिच्यावर तिघांकडून दरपत्रके मागवावीत, पैसे टप्प्याटप्प्याने द्यावेत, हे शहाणपण योग्यच आहे. परंतु सर्वांत कमी दर स्वीकारण्यापूर्वी ही काटकसर कोणाच्या पोटाला चिमटा काढून होते, हे विचारले पाहिजे. सिमेंट-वाळूचे भाव बाजार ठरवतो. ठेकेदाराला सहज कापता येते ती गवंड्याची आणि बिगाऱ्याची मजुरी.

१९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने स्वतःच्या राहत्या घराचे १० लाख रुपयांपर्यंतचे काम कक्षेबाहेर ठेवले होते. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने ती मर्यादा ५० लाखांवर नेली. कायद्याने दिलेली ही सूट म्हणजे आपल्या विवेकाला दिलेली सुट्टी नव्हे. म्हणून करारातच लिहून घ्यावे: मजुरी दर आठवड्याला, स्त्री-पुरुषांना समान, परांची भक्कम, अपघात झाल्यास उपचाराचा खर्च कोणी करावयाचा. ठेकेदाराची पूर्वीची कामे पाहताना भिंतीबरोबर मजुरांनाही विचारावे की, पैसे वेळेवर मिळाले काय? जो मजुराचा घाम बुडवतो, तो आपल्या भिंतीतले सिमेंट राखील, या भ्रमात कोणी राहू नये.