रेडिओ ऐकावा, पण चौघांत बसून



नभोवाणीवर गाण्यांखेरीजही ऐकण्याजोगे पुष्कळ असते, हे आता तरुणांना मुद्दाम सांगावे लागते. हवामान आणि बाजारभाव आहेतच. शिवाय डॉक्टरांचे भाषण, अनुभवी शेतकऱ्याची मुलाखत, परिसंवाद आणि रूपक असते. रूपक आम्हांला विशेष आवडते. त्यात तज्ज्ञाच्या जोडीला गोठ्यातली बाई आपल्या बोलीत बोलते, मागे मळणीयंत्र घरघरते, आणि सांगितलेले खरे वाटते.

इतके ऐकूनही शेतात फरक पडत नाही, अशी तक्रार मात्र कानी येते. आमच्या मते दोष कार्यक्रमांचा नाही, एकट्याने ऐकण्याचा आहे. फवारणीच्या औषधाचे ‘लिटरला किती’ हे एक वाक्य निसटले की प्रमाण अंदाजाने ठरते. विषाच्या बाबतीत अंदाज बरा नव्हे. मोबाईलवर पुन्हा ऐकता येते हे कबूल. पण तुझ्या रानात पाणी किती दिवस साचते, हे मोबाईल विचारीत नाही; शेजारी विचारतो.

याचा पुरावा आपल्याच भाषेत आहे. 1956 साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने सुमारे 150 मराठी गावांत शेतकऱ्यांची श्रवणमंडळे चालविली. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे एकूण 20 झाले. मंडळी एकत्र ऐकत, मग चर्चा करीत. चिटणीस प्रश्न टिपून केंद्राकडे पाठवी आणि उत्तर नभोवाणीवरून येई. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेमार्फत पॉल नॉयराट यांनी पाहणी केली. मंडळे असलेल्या गावांत लोकांची माहिती पुष्कळ वाढलेली दिसली; जेथे मंडळ नव्हते तेथे फारच थोडी, मग गावात रेडिओ असो वा नसो. ही कल्पना मूळची कॅनडाची. तेथे 1941 पासून शेतकरी शेजाऱ्यांच्या घरी जमून असेच ऐकत. आपल्या देशात 1959 साली ही योजना सर्वत्र नेण्यात आली, पण पुढे ती ओसरली.

तमिळनाडूत तंजावरच्या शेतकऱ्यांनी एडीटी 27 या भाताला ‘रेडिओ भात’ असेच नाव पाडले होते, कारण त्याची माहिती त्यांना तिरुचिरापल्ली केंद्रावरून मिळाली होती. बियाणाला रेडिओचे नाव मिळावे, याहून मोठी पावती कोणती?

आपल्या धर्मग्रामातही असे मंडळ निघावे असे आम्हांला वाटते. रविवारच्या मिस्सानंतर अर्धा तास पुरे. आठवड्यातील एक कार्यक्रम कोणीतरी मोबाईलवर मुद्रित करून आणावा आणि सर्वांनी ऐकावा. स्त्रियांनी अवश्य बसावे; म्हशीला काय झाले हे घरधन्याआधी त्यांनाच कळते. ज्या प्रश्नाचे उत्तर आपल्यात मिळणार नाही, तो पोस्टकार्डावर लिहून आकाशवाणीला किंवा कृषी अधिकाऱ्यांना धाडू. वही चर्चच्या कार्यालयात ठेवली आहे. ज्याचे अक्षर चांगले आहे, त्याने चिटणीस म्हणून नाव द्यावे.