जाळीच्या कोटेशनआधी दाण्यांचं बोला

बेंगळुरूच्या एचएसआर लेआउटमध्ये आता बाल्कनी तिथे जाळी. भाडेकरू सामान लावायच्या आत पिजन नेटवाल्याला फोन करतो. त्याच इमारतीच्या गच्चीवर सकाळी कुणीतरी ज्वारी ओतत असतं. खायलाही आपणच घालायचं आणि हाकलायचंही आपणच! सोलापुरात जन्मभर जीवशास्त्र शिकवून मुलीकडे राहायला आलेल्या मला हा खेळ बघवत नाही.

कुठल्याही जागी एखाद्या जातीचे किती जीव पोसले जातील, याला मर्यादा असते. पुस्तकात तिला धारणक्षमता म्हणतात. अन्न आणि निवारा वाढला की ती वाढते. पारवा मूळचा कडेकपारीतला. आमच्या एसीच्या डब्यामागची वीतभर जागा त्याला कपारच वाटते. तिथलं घरटं म्हणजे खराट्याच्या चार काड्या, वायरीचा तुकडा आणि वाळलेली विष्ठा. त्यात दोन पांढरी अंडी. साधारण अठरा दिवसांत पिल्लं बाहेर येतात. चिमणीला पिल्लांसाठी अळ्या-किडे शोधत हिंडावं लागतं. पारव्याचे नर-मादी दोघंही आपल्या अन्नपिशवीत तयार होणारं दूध पिल्लांना पाजतात. त्यामुळे नुसत्या दाण्यावर त्यांची वीण बारा महिने चालू राहते. मूठभर ज्वारी टाकताना शहरात कोणता पक्षी वाढावा, हेही आपण ठरवत असतो.

'आंटी, मुक्या जिवांना घातलं तर पुण्य लागतं,' असं शेजारीण म्हणते. तिच्या भावनेला मी हसत नाही. पण दाण्यांमुळे गर्दी वाढते, गर्दीत रोग पसरतात आणि आधी पिल्लं मरतात. वाळलेल्या विष्ठेची धूळ माणसांच्या फुप्फुसांनाही बाधते.

स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहराने 1961 ते 1985 या काळात सुमारे एक लाख कबुतरं मारली. संख्या घटली नाही, कारण रिकाम्या जागी नवी येत राहिली. मग 1988 मध्ये विद्यापीठ आणि प्राणिमित्र संस्था एकत्र आल्या. दाणे टाकू नका, म्हणून त्यांनी लोकांना पटवलं. चारेक वर्षांत वीस हजारांचे दहा हजार झाले. भूतदयावालेही यात सामील झाले, हे मला महत्त्वाचं वाटतं.

आपल्याकडे ऑगस्ट 2025 मध्ये मुंबई महापालिकेने दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला आणि जमावाने ती फाडली. समजावणं आधी आणि ताडपत्री नंतर, असा क्रम हवा होता. एका रात्रीत दाणा तोडणंही बरं नाही. हळूहळू कमी केला, की पारवे आपला चारा शोधतात आणि वीणही कमी होते.

जाळीने पारवा फक्त शेजारच्या बाल्कनीत जातो. तेव्हा सोसायटीच्या पुढच्या सभेत जाळीचं कोटेशन मंजूर करण्याआधी गच्चीवरच्या ज्वारीचा ठराव घ्या. खर्च शून्य आहे, फक्त शेजारणीशी बोलावं लागेल.