वाडगा आहे, पंगत कुठे आहे?

नववर्षाचा पहिला दिवस जपानमध्ये आपल्या दिवाळीसारखा असतो. कोकणात गणपतीला जशी बंद घरांची कुलुपे निघतात, तशी शहरात गेलेली मुले-नातवंडे त्या दिवशी गावी परततात. एकावर एक रचलेले लाखी डबे उघडले जातात आणि ओसेची नावाचे सणाचे पदार्थ घरातले सगळे मिळून खातात. १ जानेवारी २०२४ रोजी नोतो द्वीपकल्पातली घरे अशीच भरलेली होती. दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी ७.६ तीव्रतेचा भूकंप झाला. वाजिमा गावची सकाळच्या बाजाराची प्रसिद्ध पेठ आगीत सापडली आणि दोनशेहून अधिक इमारती जळाल्या. थेट भूकंपात दोनशेहून अधिक माणसे गेली. नंतरच्या हालअपेष्टांत दगावलेले धरले तर आकडा पाचशेच्या पुढे जातो. त्याच वर्षी सप्टेंबरात अतिवृष्टी झाली आणि सावरू लागलेल्या या भागात पूर शिरला.

हे वाजिमा जपानी लाखकामाचे माहेरघर. ‘लाख’ हा शब्द आपण सोयीसाठी वापरतो. आपली लाख किड्यापासून होते, तर जपानी उरुशी हा झाडाचा चीक असतो. गंमत म्हणजे तो कोरड्या हवेत वाळत नाही, त्याला दमटपणा लागतो. लाकडी वाडग्याच्या नाजूक कडेला कापड चिकटवायचे, स्थानिक माती भाजून केलेली पूड चिकात कालवून थर द्यायचे, प्रत्येक थर घासायचा आणि पुन्हा नवा चढवायचा. अशा शंभराहून अधिक पायऱ्या ओलांडून एक वाडगा तयार होतो. लाकूड कातणारा वेगळा, थर देणारा वेगळा, नक्षी करणारा आणखी वेगळा. म्हणून एका कारागिराने हत्यार खाली ठेवले की बाकीच्यांचेही काम अडते.

एवढा खटाटोप कशासाठी? जपानी माणूस सूपाचा वाडगा हातात उचलून ओठाला लावतो. लाकूड हलके असते, हाताला चटका देत नाही आणि आतले गरम ठेवते. झिजलेला वाडगा कारागिराकडे पाठवला की नवे थर घेऊन परत येतो. हे सौंदर्य काचेच्या कपाटासाठी जन्मलेले नाही. १९३६ मध्ये टोकियोत लोककलेचे संग्रहालय उभारणाऱ्या यानागी सोएत्सू यांचे म्हणणेही हेच होते की, रोजच्या वापराच्या वस्तूचे सौंदर्य वापरातच असते.

घराचेही तसेच. तातामी चटयांच्या खोलीत दिवसा जेवायचे, रात्री त्याच जागी गाद्या घालायच्या. कागदी सरकदारे बाजूला केली की दोन खोल्यांची एक होते आणि लग्नाची किंवा श्राद्धाची पंगत घरातच बसते. त्यासाठी सधन कुटुंबे वीस-वीस माणसांचे लाखी ताट-वाडग्यांचे संच कोठारात जपून ठेवत. पुढे समारंभ सभागृहांत गेले, फ्लॅटमध्ये खुर्च्या-टेबले आली आणि संचांचे गिऱ्हाईक आटले. वाजिमाला भूकंपाचा धक्का बसला तो २०२४ मध्ये. पायाखालची जमीन त्याच्या कितीतरी आधीपासून सरकत होती.

इथे गतकाळाचे गोडवे गाण्याचा मोह टाळला पाहिजे. एका टेबलाभोवती बसलेले जपानी कुटुंब ही काही प्राचीन परंपरा नाही. पूर्वी प्रत्येकाचा छोटा चौरंग वेगळा असे. घडीच्या पायांचे सामायिक बुटके टेबल घरोघर पोहोचले ते विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात. शिवाय त्या पंगतीमागे दिवसभर राबणारी घरातली बाई असे, हे विसरून कसे चालेल?

पण आजचे आकडे गंभीर आहेत. २०२० च्या जनगणनेनुसार जपानमधली ३८ टक्के कुटुंबे एकाच माणसाची आहेत. २०२३ च्या पाहणीत सुमारे ९० लाख घरे रिकामी आढळली. २०२५ च्या जागतिक आनंद अहवालानुसार जपानी माणूस आठवड्यातल्या सात रात्रींपैकी सरासरी दोन रात्रीही कोणाबरोबर जेवत नाही. म्हणजे घरे आहेत, वाडगेही आहेत. समोर बसणारे माणूस नाही.

सरकारने हातपाय हलवले नाहीत असे नाही. पारंपरिक हस्तोद्योगांसाठी १९७४ मध्ये, तर आहारशिक्षणासाठी २००५ मध्ये कायदा झाला. जपानी आहारसंस्कृतीला २०१३ मध्ये आणि लाकडी वास्तू जतन करण्याच्या कौशल्यांना २०२० मध्ये युनेस्कोच्या यादीत मान मिळाला. एप्रिल २०२४ मध्ये पंतप्रधान किशिदा यांनी अमेरिकेचे अध्यक्ष बायडेन यांना वाजिमाचे कॉफीचे कप भेट दिले. कारागिरांसाठी तात्पुरत्या कार्यशाळाही उभ्या राहिल्या. हे सारे आवश्यकच होते. पण मानपत्राने कला टिकते ती संग्रहालयात. घरात टिकायची तर तिला रोजचे जेवण लागते.

म्हणून आशा दिसते ती दुसरीकडेच. २०१२ मध्ये टोकियोच्या ओता भागात एका भाजीवालीने मुलांसाठी स्वस्त जेवणाची सोय केली. ‘कोदोमो शोकुदो’, म्हणजे मुलांचे भोजनगृह, या नावाने ती कल्पना पसरली आणि २०२४ मध्ये अशा ठिकाणांची संख्या दहा हजारांवर गेली. तिथे एकटी मुले येतात आणि एकटे आजी-आजोबाही. नात्याची नसली तरी ही पंगतच आहे.

मुंबईत २०१६ मध्ये मुजीचे दुकान उघडले आणि जपानी साधेपणाची आवड आपल्या दिवाणखान्यांतही आली. फिके लाकूड, मोकळ्या भिंती, बुटके टेबल! आवड चांगलीच आहे. परंतु ते टेबल घरी आणताना दुकानात न मिळणाऱ्या गोष्टीचाही विचार करावा. रात्री साडेआठला घरातली सगळी माणसे त्याच्याभोवती बसणार आहेत का? आणि वाढण्याचे, भांडी विसळण्याचे काम सगळे वाटून घेणार आहेत का? उत्तर ‘हो’ असेल, तर स्टीलच्या वाटीतली आमटीही पुरते.